दर्भाचा कावळा

शनिवार, १ मार्च १९९७
आमच्या गावकीचे तहहयात अध्यक्ष, अस्मादिकांच्या ज्येष्ठ भगिनीचे यजमान, राघोदाजी, म्हणजे गावाचे तात्या — यांच्याविरुद्ध आज बंड जाहले! निमित्त कोंडू. 'तात्या, तुमचं चुकतंय' एवढे भर सभेत उच्चारल्याबद्दल त्याचे घर दोन वर्षे वाळीत आहे. ना विहिरीचे पाणी, ना लग्नाचे आमंत्रण. आज धाकलू उभा राहिला : 'कोंडूला मोकळा करा, नायतर खुर्ची सोडा.' मागून साऱ्या माना डोलल्या. गतवर्षापर्यंत याच माना 'तात्या म्हंजे देव' म्हणून डोलत. मानेचा धर्मच डोलणे!
दाजी वदले, 'मी हाय तोवर नाय.' सभा समाप्त.
मागाहून वैशाखरे नाक्यावरच्या टपरीत मी दाजींची नक्कल केली. तुफान हशा. चहा फुकट.

रविवार, २ मार्च
अंथरुणास खिळलेल्या ताईचे आता केवळ डोळे उरले आहेत. म्हटले, 'भगिनी, तुझ्या भर्त्याचे सिंहासन डळमळते आहे.' हसली नाही. मनगट धरून म्हणाली, 'कोंडूचं घर मोकळं करा म्हनावं. माझं ऐकत नाय रे. तू सांग.'
सांगितले. दाजी : 'मास्तर, तुमी आपली टवाळी करा.'

सोमवार, ३ मार्च
ताई गेली. विशेषण सुचत नाही.

मंगळवार, ४ मार्च
अंत्ययात्रेस अवघा गाव लोटला. बंडखोरही. दाजी माझ्या कानाशी लागले : 'बघा, आले ना सगळे! अजून वचक हाय.'
वचक! बायाबापड्या ताईसाठी ऊर बडवीत होत्या. कोंडू दूर बांधावर एकटा उभा. त्यास खांदा देण्याची अनुमती नव्हती.

बुधवार, १२ मार्च
दशक्रिया. नदीकाठी पिंड मांडला. करंजावर काकमंडळ ओळीने विराजमान — साक्षात कार्यकारिणी. एकही उतरेना.
दाजी हात जोडून म्हणाले, 'पोरांना काय कमी पडू देनार नाय.' कावळा ढिम्म. 'तुझं माहेर तोडनार नाय.' ढिम्म. ऊन चढले. काय बोलायचे आहे ते सर्वांस ठाऊक होते. अखेर म्हातारी जना ओरडली, 'कोंडूचं बोल ना रे राघो! किती तरसवशील तिला?'
दाजींच्या ओठांवर 'को' आला. मी पाहिले. मग मान वळवून भटजींना म्हणाले, 'दर्भाचा कावळा करा.'
गवताचा कावळा पिंडास शिवला. आयुष्यभर लोकांचे हात वर करवून घेतले, अंती कावळाही करवून घेतला! — हा विनोद माझ्या जिभेवर होता. गिळला.
माणसे एकेक करून उठून गेली. निरोपही न घेता.
सायंकाळी देवळात ठराव झाला. कोंडूचे घर मोकळे. राघोचे घर वाळीत. माना डोलल्या.

गुरुवार, १३ मार्च
पहाटे नदीवर गेलो. दाजी तिथे आधीच. ओल्या वाळूत उकिडवे, हातात भाताचा गोळा. 'मोकळं केलं गो. कोंडूचं घर मोकळं केलं. ये आता.' पुनःपुन्हा. करंजावर एकही कावळा नव्हता.
धावत नाक्यावर आलो. दाजी काय म्हणाले, कसे म्हणाले, अक्षरशः सांगितले. माझा आवाज फाटला.
टपरी हास्यात बुडाली. धाकलूने पाठीवर थाप मारली : 'मास्तर, आजवरची बेस्ट नक्कल!'