दारातली बार्बेरी

माय, सुनेला फोन लावायचाय आणि हात धजत नाही. संक्रांतीपासून ती माझ्याशी बोललेली नाही. चूक माझी आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे, पण तिच्यापुढं चूक कबूल करायची तर तिच्याआधी तुझ्यापुढं करावी लागंल, नाहीतर ते अर्धंच होईल. तू जाऊन बावीस वर्षं झाली. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि माझी चिठ्ठी आली की तू ती शेजारच्या पोरीकडून दोनदा वाचून घ्यायचीस. ही मात्र तुला कुणी वाचून दाखवू नये असंच मला वाटतंय.

झालं असं. संक्रांतीला तुझा नातू आणि माझी सून पुण्याहून केजला आले. सुनेच्या मांडीवर एस.टी.त अख्खा रस्ताभर एक कुंडी. कुंडीत गुडघ्याएवढं पण नाही असं गोल गुबगुबीत झुडूप, पानं बारकी, चमच्यासारखी, आणि रंग पिकल्या जांभळाचा. मी रिटायर झाल्यापासून घरात करमत नाही म्हणून तिनं आणलेलं. "आई, ह्याला बार्बेरी म्हणतात. हे बुटकंच राहतं, फार पसरत नाही," असं म्हणत तिनं कुंडी नेऊन ठेवली ती थेट दाराशी, पायरीच्या उजव्या अंगाला. मी कौतुकानं पान धरायला गेले आणि बोटात सुई घुसावी तसा काटा घुसला. प्रत्येक पानाच्या बुडाशी एक काटा! माझ्या तोंडून काय निघावं? समोरची शेजारीण तिळगूळ घ्यायला आलेली, तिच्यादेखत मी म्हणाले, "काहून आणलंस हे? दारात काटा लावून घर फोडायचंय का माझं?" सुनेनं कुंडी उचलली, मागं धुण्याच्या दगडाजवळ नेऊन ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं गेले. पाडव्याला पोरगा एकटाच आला. "तिला सुट्टी न्हाई," म्हणाला. खोटं बोलताना तो कान खाजवतो, लहानपणापासून.

आवाज माझा होता, माय, पण ते शब्द तुझे होते. तुझे म्हणजे आपल्या चकलांब्याच्या आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे. दारात काटा, घरात तंटा. आयुष्यभर मी हे पाळत आले. दवाखान्यात तीस-पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केली, लोकांच्या अंगारे-धुपाऱ्यांवर तोंड सोडलं, आणि स्वतःच्या दारात साधा गुलाब कधी लावला नाही. सदाफुली, जास्वंद, शेवंती. काटा दिसला की उपटला.

मग ती कुंडी फेकली का नाहीस, असं तू विचारशील. फेकणारच होते. पण पोरीनं एवढ्या लांबून मांडीवर आणलेलं झाड, तहानेनं कसं मारायचं? आधी मी त्याला आपल्या काळ्या मातीत हलवलं आणि रोज पाणी घातलं, झालं, बुडाशी चिखल आणि पानं गळायला लागली. मग मुरूम आणि वाळू मिसळून माती मोकळी केली. चैत्रात पानांच्या कडा करपल्या, म्हणून हिरवी जाळी बांधून सावली केली. सावलीत झाड जगलं, पण त्याचा तो जांभळा रंग उतरत उतरत अगदी मेथीसारखा हिरवा झाला. शेवटी एक वाळकी फांदी घेऊन अंबाजोगाई रस्त्याच्या नर्सरीवाल्याकडं गेले. तो फांदी बघून हसला. "मावशी, हे थंड मुलखातलं झाड. आपल्याकडं लई जपावं लागतंय. सकाळचं ऊन द्या, रंग येतो. दुपारचं दिलं की जळतंय."

त्यानं नखानं साल खरवडून दाखवली. आत पिवळंधमक लाकूड. "दारुहळदीच्या नात्यातलं हाय," म्हणाला. मी तिथंच एका उलट्या कुंडीवर बसले, माय. लहानपणी माझे डोळे आले होते, चिकट्यानं पापण्या उघडत नव्हत्या, तेव्हा तू गेवराईच्या बाजारातून जडीबुटीवाल्या अत्तारचाचांकडून रसांजनाचा काळा खडा आणला होतास. तो दारुहळदीचाच काढा आटवून करतात. तो सहाणेवर उगाळून तू माझ्या पापण्यांवर लावतेस, मी लाथा झाडतेय, आणि तू म्हणतेस, "गप पड, माझी वाघीण हायेस ना तू." तुझ्या पदराला चुलीच्या धुराचा वास येतोय. लई दिवसांनी इतकी जवळ आलीस.

घरी येऊन मी सकाळचं ऊन आणि दुपारची सावली कुठं मिळते ते शोधत दिवसभर घराभोवती फिरले. मागं दुपारभर भट्टी. गच्चीवर तर विचारूच नको. अशी जागा माझ्या घरात एकच आहे. दाराशी, पायरीच्या उजव्या अंगाला. पोरीनं सगळं वाचून, विचारून जागा ठरवलेली होती, आणि मी तिला घर फोडणारी ठरवून मोकळी झाले. महिना झाला, कुंडी तिथंच आहे. शेंड्याची पानं पुन्हा जांभळी यायला लागलीत. घर काही फुटलेलं नाही. जे फुटायचं ते माझ्या तोंडानं आधीच फोडलं होतं.

आता तुझ्याकडं येते. त्या गुलाबाकडं.

मी नऊ वर्षांची. तुझी धाकली जाऊ, माझी काकू, माहेराहून गावठी गुलाबाची फांदी घेऊन येते आणि आम्ही दोघी ती दाराशी खोचतो. तुम्हा दोघींची एकच चूल. तू भाकरी थापायचीस, ती भाजायची, आणि दोघींचं हसणं चालायचं ते बाहेर ओसरीवर ऐकू यायचं, आजा खाकरायचा तरी थांबायचं नाही. गुलाबाला पहिली फुलं आली त्याच महिन्यात काकू एकाएकी तुझ्याशी बोलायची बंद झाली. पंधरा दिवसांत चुली वेगळ्या. आळीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, दारात काटा लावलाय, दुसरं काय होणार. तू खुरपं घेऊन गुलाब मुळासकट काढलास, हात रक्तानं भरले, मला एक ठेवून दिलीस आणि मग मलाच पोटाशी धरून रडलीस. त्यानंतरही दर सणाला तू भिंतीवरून पुरणपोळीचं ताट तिकडं द्यायचीस. ताट परत यायचं ते घासूनपुसून लख्ख आणि रिकामं. भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी ठेवावी, हे तिला माहीत नव्हतं का? तू ते ताट हातात धरून उभी राहायचीस, आणि मग फळीवर ठेवायचीस. पुढं काका-काकू गेवराईला राहायला गेली. तुझ्यासारखं हसणारं माणूस तुला पुन्हा मिळालं नाही.

माय, गुलाबानं काही केलं नव्हतं. काकूच्या माहेरी जत्रा होती आणि तू मला तिच्यासोबत जाऊ दिलं नाहीस. मी फुगून बसलेली. त्याच्या आदल्या दिवशी भाऊ तापानं फणफणलेला, तू रात्रभराची जागी, आणि वैतागून शेजारणीला म्हणाली होतीस, "धाकलीला काय, ना लेकरू ना बाळ, तिला काय कळतंय." जत्रेहून आल्यावर काकू माझ्या केसांना तेल लावत होती, तेव्हा ते वाक्य मी तिला जसंच्या तसं सांगितलं. मला तुला त्रास द्यायचा होता, तिला नाही. तिचे हात माझ्या डोक्यावर थांबले. मग तिनं वेणी पुरी घातली, रिबीन बांधली, आणि "जा खेळ," म्हणाली.

तू शेवटच्या आजारपणात माझ्याकडं केजला होतीस. एका दुपारी मी तुला पेज भरवत असताना तू विचारलंस, "धाकलीला काय झालं आसंल गं तवा? मी काही बोलले आसंल का?" मी म्हणाले, "न्हाई माय. दारात काटा लावलता ना आपण." तू डोळे मिटलेस. "मग बरं," म्हणालीस.

तुला शांत मरता यावं म्हणून मी तसं बोलले, असं बावीस वर्षं स्वतःला समजावत आले. काटा दोषी राहिला तोवर मला कुणी विचारणार नव्हतं, म्हणून तर मी तो आयुष्यभर उपटत राहिले, आणि सुनेच्या अंगावर गेले ते पण त्यामुळंच. आता तिला फोन लावीन. तिला सगळं सांगीन, जत्रेपासून. पण तुला खरं सांगते, त्या दुपारी मला तुझी दया आली नव्हती. चाळिशी उलटलेली, नोकरीतली, एका पोराची आई असलेली मी, हातात पेजेची वाटी घेऊन, तुला घाबरले होते.