रिसीव्हरची मागची बाजू

प्रिय मेहुणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. आपली तब्येत ठणठणीत असणार, कारण होम थिएटर पाठवणाऱ्याला काही होत नाही, जे काय व्हायचं ते जोडणाऱ्याला होतं. माझी पाठ धरली आहे आणि उजवं ढोपर सोलवटलं आहे. आपल्या भगिनी बऱ्या आहेत, फक्त गेले दहा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलतात. आपल्या मातोश्रींची तब्येत उत्तम. गेल्या तीन आठवड्यांत तर त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं आहे. माझे हाल बघून येत असावं.

पत्रास कारण की, आपण धाडलेलं खोकं पोचलं. वर आपली चिठ्ठी होती, ‘आईच्या पंचाहत्तरीला सुट्टी मिळणं अवघड आहे, पण ही भेट.’ (चार वर्षांत आपण आला नाहीत, खोकी मात्र पाच आली. पाय दाबणारं यंत्र अजून जिन्याखाली उताणं पडलं आहे.) खोक्यात एक डिस्क प्लेअर, पाच स्पीकर, धमधम करणारा एक ठोकळा, सासूबाईंसाठी लांब वायरचा हेडफोन आणि रिसीव्हर नावाचं एक काळं धूड निघालं. सासरेबुवांच्या निवृत्तीच्या समारंभाची डिस्क आपल्याला आठवत असेल. टीव्हीच्या आवाजात ते पिंपात बसून भाषण केल्यासारखे वाटतात आणि सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं. त्यांना नवऱ्याचा आवाज एकदा नीट ऐकायचा आहे, एवढीच त्यांची इच्छा. येत्या रविवारी वाढदिवसाला वीस माणसं बोलावून ते भाषण लावायचं, असं मीच छाती ठोकून जाहीर करून बसलो. आज मंगळवार आहे.

आता मी काही अगदीच अडाणी नाही. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं नळांचे नकाशे काढतो आहे. रिसीव्हरच्या पाठीवर चौतीस भोकं आहेत, मी मोजली. त्यांचा निळ्या शाईत रीतसर नकाशा काढला, प्रत्येक वायरीला क्रमांकाची चिठ्ठी बांधली. आपल्या भगिनींनी माहितीपुस्तक मोठ्याने वाचलं आणि मी कपाटामागे पालथा पडून वायरी खोचल्या. प्लेअरमधून रिसीव्हरमध्ये, रिसीव्हरमधून टीव्हीत. इथवर ठीक. पण पुढे पुस्तक म्हणतं, टीव्हीचा आवाज त्याच वायरीने उलटा रिसीव्हरमध्ये येईल. अहो, ज्या नळाने पाणी घरात येतं त्याच नळाने ते टाकीत परत जातं, असा नकाशा मी साहेबांपुढे ठेवला असता तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं! तरीही मनावर दगड ठेवून पुस्तकाप्रमाणे जोडलं. बटण दाबलं. चित्र असं स्वच्छ, की सासरेबुवांच्या सदऱ्याची तुटलेली गुंडी दिसली. ओठ हलत होते. पाच स्पीकर आणि एक ठोकळा, सहाही जण मौनव्रतात.

त्या दिवसापासून माझी संध्याकाळ कपाटामागे जाते. कचेरीतून आलो, चहा घेतला, की पालथा. कधी प्लेअर थेट टीव्हीला जोडतो, कधी टीव्ही वगळतो, कधी सगळं सोडवून पुन्हा पहिल्यापासून. एक टीव्ही दुरुस्तीवालाही आणला. त्याने मागे वाकून पाहिलं, माझ्या नकाशाची तारीफ केली आणि वस्तू फार भारी आहे असं सांगून निघून गेला. सासूबाईंची खुर्ची कपाटाला अगदी चिकटून पुढे मांडलेली, विणकामाची पिशवी रिसीव्हरला टेकलेली. मी मागे शिरलो, की त्या हेडफोन कानांवर चढवून डोळे मिटतात. कपाटामागे माझ्या तोंडून जे शब्द बाहेर पडतात ते वडीलधाऱ्यांनी ऐकण्यासारखे नसतात, तेव्हा मी त्यांना दोष देत नाही. (तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर बसून लोकांचं बोलणं ऐकलेली बाई. आता कानांना आराम हवाच. शिवाय विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा स्वभाव आपण जाणताच.)

पण खरा डोक्याला ताप वेगळाच आहे. मी संध्याकाळी लावलेल्या वायरी दुसऱ्या दिवशी जागेवर नसतात! सात नंबरची तीनमध्ये, तीनची अकरात, अगदी पहिल्या दिवशी होत्या तशा. मी पुन्हा बदलतो, त्या पुन्हा तिथेच. दुपारी घरात सासूबाईंशिवाय कोणी नसतं, तेव्हा मी तर्क केला, की आपल्या भगिनी सकाळी धूळ पुसताना वायरी उपसतात आणि दिसेल त्या भोकात खुपसतात. तसं मी बोलून दाखवलं. जरा जास्तच बोलून दाखवलं. त्यानंतरचे दहा दिवस कसे चालले आहेत हे वर लिहिलंच आहे.

तेव्हा मी हात टेकले आहेत. माणूस पाठवून हे खोकं परत न्यावं. रविवारी मी सासरेबुवांचं भाषण कागदावर उतरवून स्वतः वाचून दाखवीन, लोक हसले तर हसोत. आणि यापुढे आईला काही द्यावंसं वाटलं, तर ज्याला पाठ नाही असं काहीतरी द्यावं, ही कळकळीची विनंती.

आपला त्रस्त,
मेहुणा

ता. क. १ : पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. आज बुधवार. पाठीमुळे अर्धी रजा टाकून दुपारीच घरी आलो. बघतो तर कपाट पुढे ओढलेलं आणि सासूबाई स्टुलावर बसून, चष्मा कपाळावर सारून, माझ्या वायरी पटापट काढताहेत आणि लावताहेत. नकाशाकडे ढुंकूनही न बघता! मी तोंड उघडायच्या आत त्या खुर्चीत बसल्या, हेडफोन चढवला आणि पडद्यावर सासरेबुवा बोलू लागले. हेडफोनची वायर विणकामाच्या पिशवीखालून रिसीव्हरच्या पुढच्या भोकात गेली होती. पहिल्या दिवशी मी मागे पालथा असतानाच त्यांनी ती खोचली होती, आणि ती तिथे असेपर्यंत स्पीकर गप्प बसतात. पुस्तकाच्या बाविसाव्या पानावर तसं छापलेलं आहे. एकविसाव्या पानानंतर मी पुस्तक भिरकावलं होतं.

मी ती वायर उपसली. सासरेबुवा पाचही कोपऱ्यांतून असे गरजले, की माझ्या हातातला डबा पडला. मी विचारलं, “अहो, मग तीन आठवडे बोलला का नाहीत?” तर म्हणाल्या, “तुम्ही विचारलंत कुठे, जावईबापू? तुम्ही संध्याकाळी लाइन तोडायचात, मी दुपारी जोडायचे. बोर्डावर बसलेल्या बाईला तुटलेली लाइन बघवत नाही.”

ता. क. २ : आपल्या भगिनींची मी माफी मागितली. त्यांनी ती स्वीकारलेली नाही, पण चहात साखर पुन्हा पडू लागली आहे. खोकं परत न्यायला माणूस पाठवू नये.

ता. क. ३ : आता अहो-जाहो पुरे. रागावलो की मी तुला अहो म्हणतो, हे तुला ठाऊक आहे. त्या रोज काय ऐकतात, ते आज मी शेजारी बसून पाहिलं. भाषण चाळीस मिनिटांचं आहे, पण त्या सतराव्या मिनिटाच्या पुढे जातच नाहीत. तिथे सासरेबुवा बोलता बोलता थांबतात, दाराकडे बघतात आणि म्हणतात, “हे आमचे चिरंजीव. उशीर झाला, पण आले.” कॅमेरा वळतो. दारात तू उभा आहेस, घामाघूम, रिकाम्या हातांनी. सासूबाई तेवढंच मागे घेऊन घेऊन बघतात. मी समजत होतो, की त्या नवऱ्याचा आवाज ऐकताहेत.

रविवारी संध्याकाळी पाचला भाषण लावणार आहे. सतराव्या मिनिटाला पोचलास तरी चालेल. खोकं आणू नकोस.