विहिरीची दुपारची झोप

देरा, दुबई
९ सप्टेंबर १९६३

खैरुद्दीनभाईंना लियाकतचा सलाम. अम्मांना आदाब, पोरांना दुआ. तुमचं पत्र पोचलं. पावसात घराची कौलं टिकली हे वाचून बरं वाटलं.

एका आंघोळीला खरा खर्च किती येतो ते मला या आठवड्यात कळलं. गाढववाल्याकडून गोडं पाणी घेतलं तर डबा आठ आणे. पाच डबे धरा, अडीच रुपये. हा माझा हिशोब. खरा खर्च असा, की आमच्या अख्ख्या वस्तीत एक दिवस चूल पेटली नाही. लोक खजूर खाऊन राहिले. कसं ते पुढे लिहितो. कुलसुमचंही पुढे लिहितो.

आधी इंजिनाचं. ऑक्टोबरच्या पहिल्या जुम्म्याला जमात बसणार आणि माझं पाणी ओढायचं इंजिन आपल्या गावच्या बावीवर बसवायचं की नाही ते ठरवणार, असं तुम्ही लिहिलंत. तालुक्याच्या साहेबांची परवानगी आलीच आहे. इंजिन इथे बंदरावर पेटीत तयार पडलंय. मागच्या पत्रात मी तोऱ्यात लिहिलं होतं, आठवतं ना? ‘तुमच्या बहिणीने, कुलसुमने, माझ्या घरी सात वर्षांत दोरीला हात लावला नाही. आता मोहल्ल्यातल्या एकाही बाईला लावावा लागणार नाही.’ इथे घरी गाढववाला वस्तीच्या विहिरीचं पाणी आणून टाकतो, त्याचे पैसे दर महिन्याला मी तिच्या हातात ठेवत होतो.

असंच इंजिन घेऊन मी वसंतात इथल्या वस्तीच्या विहिरीवर गेलो होतो. विहीर सांभाळणारा म्हातारा अरब पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाला, “हबीबी, मशीन जवान, कुआँ बुढ्ढा. ये शादी नहीं होगा.” सगळे हसले, मीसुद्धा. इथली रीत अशी, की दुपारच्या जोहरपासून असरच्या नमाजापर्यंत दोरी गुंडाळून ठेवायची. विहीर झोपते म्हणतात. गोडं पाणी खाऱ्यावर सायीसारखं तरंगतं, घाईने ओढलं की खालचं वर येतं. ही रीत शेखच्या दिवाणात लिहिलेली नाही की इंग्रजाच्या कचेरीत. वस्तीने घातली, वस्तीच पाळते.

पलीकडच्या वस्तीने मात्र इंजिन घेतलं, हलवा वाटला. उन्हाळा सरायच्या आत तिथलं पाणी मचूळ झालं. तिथल्या बाया आमच्या विहिरीवर यायला लागल्या. म्हाताऱ्याने कुणाला परत पाठवलं नाही, फक्त आमचे घरटी डबे कमी केले. मी घरी कुरकुरलो, तर कुलसुम म्हणाली,

“एवढे तुमचे कान तिखट. तुमच्या इंजिनाला ऐकू येतं का, खाली पाणी किती राहिलंय ते?”

“इंजिनाला कान नसतात.”

“मग त्याला विहिरीपासून जरा लांबच बसवा.”

कान माझे खरंच तिखट आहेत, भाई. इंजिन उघडायच्या आधी आवाजावरून बिघाड सांगतो, त्यावरच हे दुकान उभं राहिलं. पहाटे फजर पढून मशिदीतून तसाच दुकानाकडे जायचो, तेव्हा भिंतीपलीकडे विहिरीची कप्पी वाजायची. कोण घाईत आहे, कोण झोपेत आहे, सगळं कळायचं. एक हात फार जपून ओढायचा, थेंब न सांडता. मला वाटायचं, म्हाताऱ्याची सून असेल.

गेल्या बुधवारी कुलसुमच्या तापाचा तिसरा दिवस होता. डॉक्टर येऊन सुई देऊन गेला. जोहरच्या अजानीला ती गेली.

लिहिलं. आता पुढचं सोपं आहे.

विहीर तेव्हा झोपलेली होती. म्हाताऱ्याने स्वतः उठून दोरी सोडली. गुस्लला, तिच्या शेवटच्या आंघोळीला, दोन्ही वस्त्यांतल्या बाया आल्या. मी बाहेर बसून डब्यांचे आवाज ऐकत होतो. मगरिबच्या आधी दफन झालं. दुसऱ्या दिवशी कप्पी वाजलीच नाही. सकाळ गेली, दुपार गेली. शेवटी मी विचारायला गेलो.

“कल हमने आज का पानी लिया,” म्हातारा म्हणाला. “आज कुआँ सोएगा. खलास.”

मी पैसे पुढे केले. त्याने माझी मूठ मिटवून दिली.

मला अजून रडू आलेलं नाही. दुकान उघडलं. एक पंप दुरुस्तही केला, तो चालतोय.

इंजिन पाठवतच नाही, असं लिहिणार होतो. पण ते ठरवणारा मी कोण? मी इथे बसलेला, साहेब तालुक्याला. आपल्या बावीवर दोघांपैकी कुणीच पाणी भरत नाही. जमात बसेल तेव्हा पलीकडच्या वस्तीचं वाचून दाखवा, आणि जे दोरी ओढतात त्यांना विचारा. बायांना आधी. ते म्हणतील तसं करीन. अम्मांना मात्र वाचून दाखवू नका. जवळ बसून सांगा.

एक राहिलं. म्हाताऱ्याला सून नाही. गाढववाला म्हणतो, आमच्या दारात तो कधी आलाच नाही. शेजारची हाफिजा गुस्लला होती, तिने काल मला सांगितलं. कुलसुमच्या दोन्ही तळव्यांना दोरीचे घट्टे होते.

तिचा,
लियाकत