बियरचं सांगायचं राहिलं

खामगाव, रविवार, संध्याकाळ

लेकीसोबत चार दिवस डोंगरातल्या गावी राहून आज घरी आले. आल्या आल्या ह्यांनी शेजारणीला बोलावून माझे चिखलाचे बूट दाखवले. "साठीले आली, तरी पुरा डोंगर चढून आली, पाहा!" बूट धुवूही देत नाहीत. पण डोंगर उतरल्यावर एका हॉटेलात तिथंच बनवलेली ताजी बियर प्यायले, हे मी काऊन सांगितलं नाही? घाबरले? इतक्या वर्षांच्या संसारानंतर? लेकीवर ढकलून मोकळं होता येईल, पण मग बोलणी तिला बसतील. नाही. उद्या आधी ते बूट धुणार. मग चहाला बसून सांगणार, पहिला ग्लास लेकीनं दिला. दुसरा मी मागितला.