पहिल्या नंबरवर ऑर्वोक्की

३ मार्च
सुटले! तानेलीसाहेबांनी आज जाहीर केलं — एक एप्रिलपासून आपल्या कंपनीचा नदीतून ओंडके वाहून न्यायचा खेळ बत्तीस बिटवाल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालणार नाही. नऊ वर्षं दर आठवड्याला त्या थेरड्या यंत्रांसाठी खेळाची वेगळी आवृत्ती बनवतेय मी. "उरलेत किती जण?" त्यांनी विचारलं. मोजले. एक! एका माणसासाठी एवढा जीव काढला!

४ मार्च
त्या एका बाईंना सूचना धाडली. अकरा मिनिटांत उत्तर — "जमणार नाही." खाली नाव-गाव: ऑर्वोक्की, इलोमान्त्सी.

५ मार्च
बाईंचं खातं पाहिलं. वय एक्क्याऐंशी. पहिला नंबर. रोज सोळा तास खेळतात! तानेली म्हणाले, "जेवते कधी ही म्हातारी? इंकेरी, कंपनीतर्फे नवा कॉम्प्युटर नेऊन दे. आणि जरा तब्येतही बघून ये."

१४ मार्च
तांपेरेतल्या आमच्या ऑफिसपासून इलोमान्त्सी म्हणजे जगाचं टोक. खोकं मांडीवर घेऊन बसल्याने पायांना मुंग्या आल्या. पत्ता निघाला बंद पडलेल्या शाळेचा. आत सहा म्हातारी माणसं, लोकरीचे मोजे घालून, एका कॉम्प्युटरभोवती!

"ऑर्वोक्कीबाई कुठायत?"

ऐनो नावाचे आजोबा म्हणाले, "चर्चमागे पुरलीय. चार वर्षं झाली."

तिने मिळवलेला पहिला नंबर जाऊ द्यायचा नाही, म्हणून ही मंडळी पाळ्या लावून खेळतात! पण नवा कॉम्प्युटर पाहून चेहरे पडले. पासवर्ड ऑर्वोक्की सोबत घेऊन गेली. तो ठाऊक फक्त त्या जुन्या डबड्याला.

"पोरी, आता तूच काय ते कर," म्हणत ऐनोंनी कॉफीचा चौथा कप पुढे सरकवला.

मेलेल्या माणसाचं खातं तत्काळ बंद करायचं, असा नियम आहे. लिहिला कोणी? मीच!

१५ मार्च
केलं. खातं नव्या कॉम्प्युटरवर हलवलं. ऐनोंनी लगेच ओंडके नदीत सोडले — आणि पहिल्याच वळणावर अडकवले! बाकीचे तुटून पडले. "ऑर्वोक्की असती तर काठीने हाणलं असतं तुला!"

१७ मार्च
"काय म्हणते म्हातारी?" तानेली.
"मजेत आहे," मी म्हटलं. "बोलत मात्र फारशी नाही."

१ एप्रिल
जुनी आवृत्ती बंद. एकही तक्रार नाही.

३ एप्रिल
स्वीडनहून पत्र. खेळात दुसऱ्या नंबरवर असलेल्या फोल्केच्या पत्त्यावरून. "ऐनोने तुमचं नाव सांगितलं. आमचाही फोल्के जाऊन सहा वर्षं झाली. काल कॉम्प्युटर बंद पडला, पासवर्ड त्यातच होता. आम्ही पाचजण आहोत. येता का?"