थोडंसं कळकलेलं

बाबा, तुमच्या त्या झॅन्थेटचा वास जगातून घालवायला मी निघाले होते, आणि काय करून बसले ते तुम्हालाच सांगते. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. लेक पोहायच्या क्लासला गेलीय, मी श्रूजबरीच्या या पार्किंग लॉटमध्ये गाडीत हीटर लावून बसलेय आणि मांडीवर कागद घेऊन मेलेल्या माणसाशी बोलतेय. झालंय खरं असं माझं.

खाणीच्या कॉलनीतलं आपलं ते क्वार्टर. तुम्ही शिफ्टवरून येता आणि आई पुढचं दार उघडतच नाही. “मागून या, अन् आधी न्हाणीत जा बाप्पा, मग बोला!” तुमचा शर्ट पेरूच्या झाडावर, घराबाहेर. सडक्या कोबीचा वास यायचा त्याला. त्यापायी आपल्या घरात कोबीची भाजी कधी शिजली नाही, मी ती पहिल्यांदा पोटभर खाल्ली ती सासरी. दगडाचा भुगा पाण्यात कालवायचा, त्यात झॅन्थेट सोडायचं, खालून हवा फुंकायची, की तांब्याचे कण बुडबुड्यांना धरून वर फेसात येतात आणि दगड तळाला बसतो. तुम्ही त्या फेसाला साय म्हणायचात. उरलेलं पाणी तळ्यात, तळ्यातून झिरपत नाल्यात. त्या नाल्यात पाय जरी घातला तरी आम्हा पोरांना धपाटे बसायचे. एवढं घाण औषध कशाला वापरतात, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “दुसरं कोणी बनवलंच नाही ना बेटा.” हे वाक्य मी फार मनावर घेतलं हो.

आणि ते ताक. पाहुणे जेवायला यायचेत, आईने कढीसाठी ताक काढलंय ते नेमकं कल्हई उडालेल्या तांब्याच्या पातेल्यात राहिलंय, तांबं उतरून जरासं हिरवट झालंय. मी बोट बुडवून चाखते आणि शहाणपणाने म्हणते, थोडंसंच कळकलंय, कढीत कळणार नाही. तुम्ही कधी आवाज चढवणारे नव्हेत, पण त्या दिवशी केवढ्यांदा ओरडलात! “थोडंसं कळकलेलं असं काही नसते. कळकलं म्हणजे कळकलं. ओत ते!” आईचं तोंड फुगलं, पाहुण्यांनी वरणभात खाल्ला, आणि मी मोरीशी उभी राहून रडले.

मग मी इकडे अमेरिकेत शिकायला आले. फोनवर तुम्हाला म्हटलं, बाबा, मी झॅन्थेटच्या जागी दुसरं बनवतेय, नॅनोकण. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक गोळे. तांब्याच्या कणाला चिकटतात, त्याला पाणी नकोसं करतात, मग तो बुडबुड्याला धरून वर येतो. वास नाही, विषारी वाफ नाही, आणि लागतात चिमूटभर. तुम्ही खदखदून हसलात. “म्हणजे तुझी आई मला पुढच्या दारानं घेईल म्हण!” पुढे माझी पीएचडी व्हायच्या आतच तुम्ही गेलात. मी मात्र तेच धरून बसले. सगळं तारुण्य त्या गोळ्यांत घातलं बाबा, नवरा चिडवायचा की हिला दोन लेकरं आहेत, त्यातलं एक दिसत नाही.

आता आमची छोटी कंपनी आहे, पश्चिमेकडच्या एका खाणीत पुढच्या महिन्यात आमचं औषध वापरायला घेणार आहेत. खाणीखाली ओढा आहे. म्हणून मी हट्टाने चाचणी करून घेतली, पाण्यातल्या पिसवांवर. मोहरीहून लहान जीव, काचेसारखे आरपार दिसतात, मासे त्यांच्यावर जगतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्यांची आतडी माझ्या गोळ्यांनी गच्च भरलेली. शेवटी प्लास्टिकच ते. पोटात गेलं, बाहेर पडेना. काही मेल्या, उरलेल्या तळाला नुसत्या थरथरत होत्या. आम्ही पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मीटिंगमध्ये बॉस शांतपणे म्हणाला, “टॉक्सिसिटी इज अ लिटल एलिव्हेटेड, दॅट्स ऑल. वी आर स्टिल ग्रीनर दॅन झॅन्थेट.” आणि तो खोटं बोलत नव्हता, हेच तर मेलं दुखतंय. झॅन्थेट वाईटच आहे. पण ओढ्याला काय सांगू, की त्याच्यापेक्षा मी बरी? इथे ग्रीन शब्दाचा नुसता बाजार मांडलाय. मला म्हणायचं होतं, हे कळकलंय. इंग्रजीत शब्दच सापडेना. सगळे माझ्याकडे बघत होते. औषध थांबवलं तर कंपनी बंद, कंपनी बंद तर आमचं इथलं राहणं लटकलं, ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही अजून उभेच आहोत. मी म्हटलं, “ओके. साउंड्स गुड.” आणि ओढ्याला धोका नाही म्हणणाऱ्या अहवालाखाली सही केली.

घरी येऊन सिंकपाशी उभी होते, तर लेक म्हणाली, “आई, आर यू क्राइंग?” मी म्हटलं, काही नाही गं, सगळं कळकलं. “व्हॉट्स कळकलं?” काय सांगणार कपाळ! घरात तांब्याचं भांडं नाही, ताक डब्यातलं. म्हटलं, खराब झालं. “सो जस्ट थ्रो इट आउट,” ती म्हणाली आणि फ्रिज उघडून काहीतरी शोधायला लागली.

सही मागे घेता येते, मला ठाऊक आहे. सोमवारी एक ईमेल केला की झालं. काल दिवसभर मनात लिहून पाहिला, प्रत्येक वेळी लेकीची शाळा आडवी आली, आणि खरं सांगायचं तर शाळा नसती तरी मी दुसरं काहीतरी आडवं घातलं असतं. थकलेय मी. इतकी वर्षं घालून जे केलं ते मुळात वाईटच निघालं, हे एकदा लिहिलं की मग मी कोण उरते?

पोरं ओले केस घेऊन बाहेर यायला लागलीयेत, कागद आता घडी करून फाडीन. एकच सांगते. तुम्ही गेल्यापासून असा आठवडा गेला नाही, की तुम्ही असायला हवे होतात असं वाटलं नाही. या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, तुम्ही नाही आहात.