बाबांच्या खोलीतले पाय

दि. ४ ऑगस्ट

ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमच्या खोलीचं दार आता वीतभरच उघडतं. मला वाटलं, लाकूड फुगलं असेल. पण कातारीकाकांनीच खात्री करून दिली, की फुगलं-बिगलं काही नाही. आत खुर्च्यांचे पाय आहेत. पलंगावर, पलंगाखाली, कपाटापुढे. कोणी ठेवायला सांगितले, असं विचारल्यावर काका छताकडे बघू लागले.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ताईकडे जाताना तुम्ही कारखान्याच्या किल्ल्या मला दिल्यात आणि बजावलंत, की परत आल्यावर बघेन, तुझ्याकडे राहू द्यायच्या की नाही. म्हणून मी काय केलंय ते पुन्हा सांगते. जोडणीवाल्या मावशींचं पायांचं खोकं रिकामं झालं, की त्या ते हिरव्या कार्डासकट काकांकडे पाठवतात. कार्ड आलं की काकांनी लेथवर तेवढेच पाय कातायचे. नाही आलं, तर हत्यारांना धार लावायची. पूर्वी आपल्याकडे पायांचे डोंगर असायचे आणि खुर्च्यांच्या पाठी मात्र शोधून सापडायच्या नाहीत. आता एकही खुर्ची अडत नाही, आणि चालायला वाटही आहे. वाट नाही ती फक्त तुमच्या खोलीत.

हे काम कोणाचं असावं, ते ताईला विचारून कळवावं. लोभ मात्र कार्डाची वाट न पाहता करावा.

तुमची,
धाकटी

दि. ९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ताईला विचारलं. ती म्हणाली, चोराच्या मनात चांदणं. तेव्हा कबूल करतो, रिकाम्या वेळात पाय कातून माझ्या खोलीत ठेवा, असं काकांना मीच लिहिलं होतं. त्याआधी त्यांनी मला कळवलं होतं, की दुपारभर लेथ बंद असतो आणि ते चहा पीत बसतात. वाचून माझा बरा गुडघासुद्धा ठणकला. लेथ थांबला की घराला उतरती कळा लागते, असं तुझे आजोबा म्हणत. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला मी नाही. उद्या कोणी मोठी मागणी घेऊन दारात उभा राहिला, तर त्याला काय कार्ड दाखवणार आहेस? काकांवर चिडू नकोस. त्यांनी तुझं कार्डही पाळलं आणि माझा शब्दही.

डॉक्टरांनी आता प्रवासाला हरकत नाही म्हटलंय. मी आलो की कार्डं बंद. गोळा करून ठेव, पत्ते खेळायला होतील. किल्ल्याही काढून ठेव. राग धरू नकोस, धरलास तर जेवण सोडू नकोस.

तुझे,
बाबा

दि. १४ ऑगस्ट

ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमच्या तोंडात साखर पडो. मोठी मागणी आली. वाचनालयाला खुर्च्या हव्यात. मी मुकाट्याने तुमच्या खोलीतले पाय काढायला लावले. मावशींनी पहिला पाय बैठकीच्या भोकात घातला, तो जाईना. दुसरा जाईना. दहाव्यानंतर त्यांनी मोजणं आणि बोलणं दोन्ही सोडलं.

पायाची जाडी तपासायचं कडं झिजून सैल झालं होतं. गेल्या महिन्यात तसले पाय मावशींकडेही गेले होते. त्यांनी तासाच्या आत खोकं परत पाठवलं, सोबत काकांना चार शब्द पाठवले, आणि आम्ही नवं कडं आणलं. काकांनी ते कार्डाच्या मालासाठी ठेवलं. तुमच्या मालाला जुनंच चालवलं. का, तर मालकांच्या मालाला मालकांचंच कडं, आणि तिथून कधी तक्रार आली नाही. कशी येणार? मावशी पाय परत पाठवतात. पलंग पाठवत नाही.

वाचनालयाला खुर्च्या दर आठवड्याला थोड्या थोड्या चालतील, त्यामुळे कार्डांवरच निभेल. अडचण वेगळीच आहे. मावशी लेकीच्या बाळंतपणाला निघाल्यात. जोडणीच्या बाकावर तुम्ही बसाल का? काम बसून आहे, गुडघ्याला सोसेल. आणि त्या बाकावरून खोकं आल्याशिवाय कारखान्यात कोणी बोटही हलवत नाही. इतका वचक तर मालक म्हणूनही तुमचा नव्हता. किल्ल्या मात्र माझ्याकडे राहू द्याव्यात, एवढंच मागते.

तुमची,
धाकटी

दि. १८ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. जुन्या साठ्यातले आहेत, पण मापात बसतील.

तुझं पत्र ताईने मोठ्याने वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं. पलंगाच्या वाक्याला जावई इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. कड्याबद्दल मला सध्या काही बोलायचं नाही. ते सगळे पाय पुन्हा लेथवर चढवावे लागतील, म्हणजे लेथ रिकामा राहणार नाही. माझं म्हणणं तेवढंच होतं.

सरावासाठी इथली जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची सुटी करून पुन्हा जोडली. जावई अजून तिच्यावर बसायला धजत नाहीत. किल्ल्या तुझ्याकडेच ठेव. वेंधळी आहेस, कमरेला बांध.

शनिवारी सकाळी पोचतो. काकांना सांग, बाकावरून माझं पहिलं खोकं येईपर्यंत लेथला हात लावायचा नाही. आणि मी आधी निवांत चहा पिणार आहे.

तुझे,
बाबा